जिंजी : एका गडाच्या अनेक भाषा

बंगलोरहून निघून कृष्णगिरी आणि तिरुवण्णामलै मागे टाकून तिंडिवनमकडे जाणारा रस्ता बराच वेळ सपाट मुलखातून धावतो. भाताची खाचरे, ताडांच्या रांगा, तळ्यांचे लांबच लांब बांध आणि मधूनच एखाद्या ग्रामदेवतेपुढे उभे असलेले मातीचे रंगीत घोडे, असा हा प्रदेश आहे. तिरुवण्णामलैपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर या सपाटीतून डोंगर वर येतात. सह्याद्रीच्या सहवासात ज्याची दृष्टी घडली आहे त्याला हे डोंगर प्रथमदर्शनी डोंगर वाटतच नाहीत. येथे काळ्या कातळाचे आडवे थर नाहीत, सोंडा नाहीत, माच्या नाहीत. घराएवढे गोलसर धोंडे कोणी एकावर एक रचीत जावेत आणि काम अर्ध्यावर टाकून निघून जावे, तसे ते दिसतात. त्या धोंड्यांच्या मधून तटाची रेघ वर चढत गेलेली दिसली म्हणजे ध्यानी येते की, जिंजी आली. रस्ता गडाच्या बाजूने जात नाही, तो गडाच्या आवारातूनच जातो. एका हाताला कृष्णगिरी, दुसऱ्या हाताला राजगिरी, आणि या दोहोंना तिसऱ्या चंद्रायणदुर्गाशी जोडणारा मैलोगणती लांबीचा तट.

महाराष्ट्रातून मोटारीने आलेला प्रवासी येथे उतरतो तो बहुधा एकच प्रश्न मनात घेऊन : राजाराम महाराज कोठे राहत होते? कल्याणमहालाच्या मनोऱ्याकडे, धान्याच्या प्रचंड कोठारांकडे, हत्तींच्या तळ्याकडे तो याच प्रश्नाच्या डोळ्यांनी पाहतो. राजगिरीच्या माथ्याजवळ दोन कड्यांमधली खोल चीर ओलांडणारा पूल आला की, शत्रूला तेथे रोखून धरणारे मावळे त्याला दिसू लागतात. हे स्वाभाविक आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाखाली बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा, तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यातला. तेव्हापासून मराठी प्रवाशाच्या या प्रश्नाला एक आंतरराष्ट्रीय मान्यताही लाभली आहे.

हा प्रश्न चुकीचा नाही. तो अपुरा आहे. आणि हे अपुरेपण एकट्या प्रवाशाचे नसून मराठी साहित्याच्या अभ्यासाचेही आहे. जिंजी हे असे स्थळ आहे की, जेथे एकाच भाषेत वाचणाऱ्या माणसाला आपल्या स्वतःच्या भाषेतला ग्रंथही पुरता वाचता येत नाही. भारतीय साहित्याचा एकत्र विचार करणाऱ्यांनी या गडाकडे वळावे, ते याच कारणासाठी.

प्रथम मराठी बाजू पाहावी. भोसले घराण्याच्या तीन पिढ्यांचा जिंजीशी संबंध आला, आणि तिन्ही वेळा तो निराळ्या नात्याने आला. १६४८ मध्ये शहाजीराजे विजापूरच्या फौजेतील सरदार म्हणून या गडाखाली होते. येथल्याच छावणीत मुस्तफाखानाने त्यांना कैद केले. १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी हा गड विजापूरकरांकडून घेतला आणि त्याच्या तटबंदीचे मोठे काम हाती घेतले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडास वेढा पडला, आणि राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले ते केळदी, बंगलोर, वेलोर असे करीत त्या वर्षाच्या अखेरीस जिंजीस पोहोचले. पुढल्या वर्षी झुल्फिकारखानाने गडास वेढा घातला. तो कधी सैल पडत, कधी आवळत १६९८ च्या आरंभापर्यंत चालला. आजोबा वेढा घालणाऱ्यांत, नातू वेढल्या गेलेल्यांत, आणि मधल्या पिढीने बांधलेला तट त्या नातवाच्या उपयोगी पडलेला, अशी ही कथा आहे. कादंबरीकाराने रचली असती तर ती फारच जुळवून आणलेली वाटली असती.

या कथेतील प्रवासाचा भागही मराठीने एकटीने जपलेला नाही. राजाराम महाराजांचा जिंजीपर्यंतचा मार्ग केशव पंडिताने ‘राजारामचरितम्’ या संस्कृत काव्यात वर्णिला. केळदीच्या राणी चेन्नम्मेने मोगलांचा रोष पत्करून या परागंदा राजास आपल्या मुलखातून सुखरूप पुढे जाऊ दिले, ती हकीकत कन्नड परंपरेने आपल्या राणीची कीर्ती म्हणून सांभाळली. मराठी राज्याच्या सर्वांत बिकट वाटचालीस आसरा देणारे लोक मराठी नव्हते, ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असते. त्या लोकांच्या भाषेत या वाटचालीला कोणता अर्थ आला, हे मात्र तो सहसा विचारीत नाही.

जिंजीचा मराठी साहित्याशी असलेला खरा संबंध याहूनही खोल आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले ते १६९४ च्या सुमारास, जिंजीस. साहित्येतिहासाच्या पुस्तकांत हा उल्लेख अर्ध्या वाक्यात येतो आणि लगेच बखरीच्या भाषेकडे, तिच्या ऐतिहासिक विश्वसनीयतेकडे चर्चा वळते. वस्तुतः हे अर्धे वाक्य थांबून वाचावयास हवे. मराठी गद्यातील एक आद्य चरित्र महाराष्ट्रात लिहिले गेले नाही. ते तमिळ मुलखात, परक्या डोंगरावर, वेढ्याच्या काळात लिहिले गेले. ज्या रायगडावरील राज्याभिषेकाचे वर्णन सभासद करतो तो रायगड तेव्हा शत्रूच्या हाती होता. ज्या सिंहासनाविषयी तो लिहितो ते उरले नव्हते. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत होते.

ही परिस्थिती लक्षात घेतली म्हणजे बखरीचा एक भाग निराळाच दिसू लागतो. बखरीत याद्या आहेत : खजिन्याच्या, जडजवाहिराच्या, हत्तीघोड्यांच्या, सरदारांच्या, गडकोटांच्या. कर्नाटकातील किल्ले धरून ही संख्या २४० च्या घरात जाते. बहुतेक वाचक याद्यांची पाने चाळून पुढे जातात आणि इतिहासकार त्यांचा उपयोग जमाखर्चाचे साधन म्हणून करतो. परंतु त्या वेळी या गडांपैकी अनेकांची मालकी बदललेली होती, काहींची रोज बदलत होती. घर जळाल्यावर घरात काय काय होते ते माणूस जसे एकेक आठवून सांगतो, तशी ही यादी आहे. तिच्यातला कारकुनी कोरडेपणा हा शोकाचाच एक प्रकार आहे. सभासदाच्या शैलीतील ज्या आटोपशीरपणाची टीकाकार वाखाणणी करतात, त्याचीही मुळे काही अंशी या परिस्थितीत असावीत असे मानण्यास जागा आहे. वेढ्यात बसलेल्या माणसापाशी अलंकाराला फुरसत नसते.

या बखरीशेजारी रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ चे ‘आज्ञापत्र’ ठेवून पाहावे. राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्रातील कारभार ज्यांनी सांभाळला त्यांत अमात्य प्रमुख होते. त्यांच्या ग्रंथातही गडांना मोठे स्थान आहे. परंतु तेथे गड कसा बांधावा, कसा राखावा, त्यावर माणसे कोणती नेमावीत, याचा विचार आहे. अमात्यांना गड हे राज्याचे साधन वाटते. सभासदाला गड म्हणजे आठवण वाटते. एकाच अरिष्टातून निघालेले हे दोन ग्रंथ असून त्यांच्या दृष्टीत पडलेले अंतर हे काही अंशी कोल्हापूर आणि जिंजी यांमधले अंतर आहे. सभासदाची बखर ज्या जागी लिहिली गेली ती जागा वगळली, तर हे अंतर दिसत नाही. म्हणून जिंजीस जाणाऱ्या मराठी माणसाने राजवाड्याच्या जोडीला सभासदाची बैठकही मनाने शोधावी. तिची खूण गडावर सापडणार नाही. ती बखरीच्या वाक्यांतच आहे.

मात्र बखर ज्या भूमीत लिहिली गेली ती भूमी बखरीत जवळजवळ नाही. जिंजी घेतल्याची हकीकत आहे, पण गडाखालची माणसे, त्यांचे बोलणे, त्यांची दैवते, या वेढ्यात त्यांची झालेली दैना यांतले काही नाही. तो सभासदाचा विषय नव्हता आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याचे डोळे सह्याद्रीकडे लागलेले होते. परंतु आजच्या मराठी वाचकाचे डोळेही जर तिकडेच लागून राहिले, तर त्याला जिंजी दिसत नाही असे म्हणावे लागते.

ती पाहावयाची तर दुसऱ्या भाषांकडे गेले पाहिजे. गडाची नावेच याची साक्ष देतात. तमिळ माणूस त्याला सेंजी म्हणतो. मराठी कागदपत्रांत तो चंदी किंवा चंजी होतो. विजापूरकरांनी त्याला बादशहाबाद म्हटले आणि मोगलांनी झुल्फिकारखानाच्या नुस्रतजंग या किताबावरून नुस्रतगड. इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या लेखणीत त्याला आणखी रूपे मिळाली. एवढी नावे ज्या जागेला लाभली तिची कथा एका नावाखाली मावणे कठीणच.

वेढा घालणाऱ्यांच्या बाजूचा एक साक्षीदार फार्सीत बोलतो. बऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना हा कायस्थ दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता आणि दलपतराव झुल्फिकारखानाबरोबर जिंजीच्या मोहिमेत होता. भीमसेनाच्या ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ या आठवणींत दक्षिणेतील मंदिरांविषयी कुतूहल आहे, परक्या मुलखाविषयी नापसंती आहे, आणि मोगल सरदारांच्या ढिलाईविषयी कडवट स्पष्टोक्तीही आहे. तटाच्या आत सभासद मराठीत हरवलेल्या राज्याची यादी करीत होता, त्याच काळात तटाबाहेरच्या छावणीत एक कायस्थ लेखक दुसऱ्या एका साम्राज्याची वीण उसवताना पाहत होता. दोघेही हिंदू, दोघेही कारकुनी परंपरेतले, दोघेही घरापासून दूर. केवळ धर्माच्या आधारे या वेढ्याचा अर्थ लावू पाहणाऱ्याला हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचणे अवघड जाते. तशी अडचण होणे हितावह आहे.

मदुरा मिशनच्या जेझुइट पाद्र्यांची पत्रे ही आणखी एक साक्ष. आंद्रे फ्रेअर याने १६७८ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजीस केलेल्या बांधकामाची वाखाणणी केली आहे. नवे तट, खंदक, बुरूज, पाण्याचे साठे यांची दखल त्याने घेतली, आणि हे काम युरोपीयांनाही कमीपणा आणणारे नाही, अशी त्याची भावना होती. मराठी लेखनात हा अभिप्राय आवडीने सांगितला जातो. परंतु त्या काळातील पाद्र्यांच्या पत्रव्यवहारात करांच्या ओझ्याखाली आणि फौजांच्या येण्याजाण्याखाली भरडल्या गेलेल्या रयतेविषयीही लिहिलेले आहे. त्या फौजांत मराठ्यांचीही फौज होती. एका पत्राचा आधार घ्यावयाचा आणि दुसरे पेटीत ठेवावयाचे, हे इतिहासाला धरून होत नाही.

आणि तमिळ? गडाखालच्या गावकऱ्याला जिंजीचा राजा कोण असे विचारले तर तो राजारामाचे नाव घेण्याचा संभव कमी. तो देसिंगूचे नाव घेईल. १६९८ नंतर काही काळाने मोगलांनी गडाची किल्लेदारी सरूपसिंग या बुंदेल्या सरदाराकडे दिली. १७१४ मध्ये तो वारल्यावर त्याचा तरुण मुलगा तेजसिंग जिंजीचा धनी झाला. थकलेल्या रकमेवरून अर्काटचा नबाब सादतुल्लाखान याने त्याच्यावर चाल केली आणि त्याच वर्षी मूठभर लोकांनिशी लढताना हा विशीतला तरुण मारला गेला. त्याची राणी सती गेली. राणीपेट हे गाव तिच्या स्मरणार्थ वसविले गेले, असे सांगतात. राज्य म्हणावे तर ते काही महिन्यांचे. पण तमिळ लोककथागीताने या तेजसिंगाला ‘देसिंगू राजन’ करून घेतले. दिल्लीच्या पातशहाचा अनावर घोडा काबूत आणणारा वीर, त्याचा जिवलग मुसलमान मित्र महाबतखान, आणि युद्धाची वार्ता येताच आपले लग्न अर्धवट टाकून रणांगणाकडे धावलेला तो मित्र, अशी ही कथा गावोगाव गायिली गेली, नाटकांतून खेळली गेली, आणि १९६० मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या ‘राजा देसिंगू’ या चित्रपटाच्या रूपाने तमिळनाडूभर पोहोचली.

येथे अभ्यासकाने थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. देसिंगू तमिळ नव्हता. तो बुंदेलखंडातला राजपूत, आणि राजाराम महाराजांना ज्या पक्षाने जिंजीतून घालविले त्या पक्षाने नेमलेल्या किल्लेदाराचा मुलगा. राजाराम महाराज जेवढे परके तेवढाच तोही परका. असे असता तमिळ लोकस्मृतीने एकाला आपला म्हटले आणि दुसऱ्याला म्हटले नाही. याचे एक कारण असे दिसते की, लोककथा यशाला भुलत नाही. ती तेथेच राहून मेलेल्या माणसाला आपला म्हणते. राजाराम महाराज जिंजीतून निसटले, हे मराठी राज्याच्या दृष्टीने मोठेच यश होय. आठ वर्षे मोगलांची एक फौज या गडाला बांधून पडली आणि तेवढ्या अवकाशात महाराष्ट्रात संताजी-धनाजींचे युद्ध उभे राहिले. मराठी इतिहासात जिंजीचे महत्त्व हे, की तिने वेळ मिळवून दिला. परंतु ज्यांच्या शेतांवर हा वेळ मिळविला गेला त्यांना त्यात कसले गीत दिसावे? आपल्या गडासाठी प्राण देणारा तरुण त्यांना समजला, मग तो कोठलाही असो.

गडाच्या आसमंतात याहून जुनी एक कथाही नांदते आहे. जिंजीनजीकच्या मेलच्चेरी या गावातील द्रौपदी अम्मनचे देऊळ या देवतेच्या संप्रदायाचे आद्य स्थान मानले जाते. उत्सवात महाभारताचे पारायण होते, रात्री तेरुक्कूत्तु या पथनाट्यातून कौरव-पांडवांचे युद्ध खेळले जाते, अखेरीस भक्त निखाऱ्यांवरून चालतात. द्रौपदीने जिंजीच्या राजाचे रक्षण केले अशी या संप्रदायाची श्रद्धा आहे. आल्फ हिल्टेबायटेल यांनी १९८८ मध्ये या संप्रदायावरील आपल्या अभ्यासाच्या पहिल्या खंडात जिंजीपासून कुरुक्षेत्रापर्यंतचा कथांचा प्रवास उलगडून दाखविला आहे. गडावर एकामागून एक राजवटी आल्या आणि गेल्या. गडाखालच्या लोकांनी मात्र हा गड महाभारतात नेऊन ठेवला. मराठी प्रवाशाला तो शिवकालात दिसतो, तमिळ भक्ताला द्वापरात. कोणाचे खरे, असा वाद करण्यात अर्थ नाही. दोन्ही गोष्टी त्या गडाच्या आहेत.

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप असा की, जिंजी हे लष्करी ठाणे आहे, त्याचा विचार तट, बुरूज, दारूगोळा यांच्या अनुषंगाने करावा. गीते आणि दैवते हा दुय्यम विषय होय. परंतु तट तरी कोणत्या एका राजवटीचा आहे? कोन घराण्याच्या काळापासून विजयनगर, तेलुगुभाषक नायक, विजापूर, मराठे, मोगल, नबाब, १७५० मध्ये रात्रीच्या हल्ल्यात गड घेणारा बुसी आणि १७६१ मध्ये तो फ्रेंचांकडून काढून घेणारे इंग्रज, या सर्वांचे हात त्याला लागले आहेत. वेंकटरमणाचे मंदिर नायकांच्या काळातले आहे आणि सादतुल्लाखानाची मशीद देसिंगूच्या पराभवानंतरची. दगडाने दगडावर थर चढविला तसा भाषेने भाषेवर चढविला. लष्करी दृष्टीनेही हे ठाणे बहुभाषकच ठरते.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे. मराठी माणसाने एवढ्या दूर यावे, पूर्वजांच्या हालअपेष्टांची जागा डोळे भरून पाहावी, आणि तेथे त्याला इतरांच्या कथा ऐकविल्या जाव्यात, हे त्याच्या अभिमानाला पाणी घालण्यासारखे नव्हे काय? याचे उत्तर असे की, दुसऱ्याच्या स्मृतीत आपण परकी फौज म्हणून वावरतो, हे ज्याला सहन होत नाही, त्याचा अभिमान अजून कच्चा आहे. बंगालीत गंगारामाने ‘महाराष्ट्रपुराण’ लिहिले. त्यातील मराठे स्वराज्याचे रक्षक नाहीत, गावे जाळणारे बारगीर आहेत. मराठी अभ्यासकांनी हे वाचले म्हणून मराठी इतिहासाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. जिंजीच्या बाबतीत तर असे कडू घोटही फार नाहीत. तेथील अडचण द्वेषाची नसून परस्परांविषयीच्या अनभिज्ञतेची आहे. युनेस्कोच्या नोंदीतील ‘मराठा’ हे विशेषण वेगवेगळ्या भूप्रदेशांत दुर्गरचनेची एक दृष्टी कशी वावरली हे सांगण्यापुरते सार्थ आहे. फलकावरचे हे विशेषण म्हणजेच गडाची सबंध कथा, असे मराठी माणूस मानू लागला, तर तमिळ वाचकाच्या मनात प्रश्न उठल्यास त्याचा दोष त्या वाचकाला देता येणार नाही.

मराठीत दुर्गसाहित्याची परंपरा मोठी आहे. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकाने पायी हिंडून गडाबरोबर गडाखालचा धनगर, वाडीवरची म्हातारी, देवळातला गुरव यांनाही वाचकांच्या ओळखीचे केले. ही दृष्टी सह्याद्रीत फळाला आली याचे कारण तेथे वाटाड्याची आणि वाटसरूची भाषा एक होती. जिंजीस मोटारीतून उतरणाऱ्याला ही सोय नाही. त्याने वाटाड्याला विचारावे आणि वाटाड्याने तमिळमध्ये देसिंगूची सबंध कथा सांगावी, आणि तरी परतताना प्रवाशाने म्हणावे की, तेथे माहिती सांगणारे कोणी नव्हते, असे सहज घडू शकते. गड मुका नसतो. ऐकणाऱ्याला ती भाषा येत नसते.

यावर तोड काय, याचे उत्तर भोसले घराण्यातच आहे. जिंजीला वेढा पडला होता त्याच वर्षांत तंजावरास राजाराम महाराजांचे चुलत बंधू शहाजीराजे राज्य करीत होते. १६८४ ते १७१२ हा त्यांचा काळ. ते तेलुगुत लिहीत होते, मराठीत लिहीत होते, आणि त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तेलुगु, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगभूमीवर येतात. एका चुलत भावाच्या आश्रयाने परक्या मुलखात एकभाषिक आठवण लिहिली जात होती. त्याच मुलखात दुसऱ्याने आजूबाजूच्या सर्व भाषांना दरबारात जागा दिली होती. जिंजीतील मराठ्यांची परिस्थिती वेढ्याची होती, तंजावरची स्थैर्याची, हे खरे. पण आज जिंजीला वेढा नाही. आजच्या मराठी अभ्यासकाने वेढ्यातली दृष्टी का बाळगावी?

म्हणून एक माफक सूचना करावीशी वाटते. भारतीय भाषांच्या विभागांनी जिंजी हा विषय घेऊन एक संकलन सिद्ध करावे. त्यात सभासदाच्या बखरीतील निवडक भाग, केशव पंडिताचे काव्य, भीमसेनाच्या आठवणी, पाद्र्यांची पत्रे, ‘देसिंगू राजन’चे कथागीत, मेलच्चेरीच्या द्रौपदीची कथा, मेकेंझीच्या संग्रहातील नारायण पिळ्ळै यांचे कर्नाटक राजांचे चरित्र आणि आनंदरंग पिळ्ळै यांच्या रोजनिशीतील नोंदी एकत्र याव्यात, आणि त्या तमिळ व मराठी अशा दोन्ही भाषांत वाचता याव्यात. सी. एस. श्रीनिवासाचारी यांनी १९४३ मध्ये जिंजीचा इतिहास इंग्रजीत लिहून पाया घातलाच आहे. इतिहास एकाने लिहिता येतो. स्मृतींचे संकलन मात्र अनेकांनी एकत्र बसूनच करावे लागते. तमिळ विद्यार्थ्याने सभासदाची यादी वाचून तिच्यातला शोक ओळखावा, मराठी विद्यार्थ्याने देसिंगूच्या मित्राने सोडलेल्या लग्नमंडपापाशी क्षणभर थांबावे, एवढे साधले तरी तुलनात्मक साहित्य या नावाला जागल्यासारखे होईल.

जिंजी पाहून झाल्यावर बहुतेक मोटारी पुढे पाँडिचेरीला जातात. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. समुद्रकाठी गांधीजींच्या पुतळ्याभोवती उंच, कोरीव दगडी खांब उभे आहेत. संध्याकाळी लोक तेथे वाऱ्याला बसतात, छायाचित्रे काढतात. ते खांब फ्रेंचांनी जिंजीच्या वेंकटरमण मंदिरातून आणलेले मानले जातात. मराठी प्रवासीही तेथे उभा राहून छायाचित्र काढून घेतो. गड मागे राहिला असे त्याला वाटत असते, आणि त्या वेळी त्याची पाठ जिंजीच्याच दगडाला टेकलेली असते.